टाइल्सचं भिजत घोंगडं

टाइल भिंतीला लावण्याआधी पाण्यात भिजवावी लागते, ही गोष्ट मला कुणीही सांगितली नव्हती. सांगितली असती तर मी बायकोपुढं हात जोडले असते आणि स्वयंपाकघराला आणखी एकदा चुना मारून मोकळा झालो असतो. बाकी सगळं लोकांनी सांगितलं. कुठल्या रंगाच्या टाइलमुळं घरात भांडणं होतात, कुणाच्या साडूनं ओट्यामागं काळ्या टाइल्स लावल्या आणि त्याची बदली थेट गडचिरोलीला कशी झाली, इथपर्यंत सांगितलं. पाण्याचं तेवढं राहिलं. जालन्यात राहून पाण्याचं सांगायचं राहतं, याला काय म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.

जालना जिल्हा होऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली असतील. जिल्हा झाल्यामुळं साहेब वाढले, कचेऱ्या वाढल्या, पाणी होतं तेवढंच राहिलं. उन्हाळ्यात नळ आठवड्यानं येई, नाही तर दहा दिवसांनी, नाही तर त्याच्या मनात आलं की. मुलगी द्यायची तर लोक मुलाच्या पगाराआधी घरात ड्रम किती आहेत ते विचारत. आणि मी, शरदचंद्र परतूरकर, पाण्याच्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. म्हणजे काय, तर अमुक खेड्याला टँकर द्यावा असा कागद आला की त्यावर 'सादर' लिहायचं आणि तो पुढच्या टेबलावर सरकवायचा. हे पाणी खेड्यांचं. शहराचं पाणी वेगळ्या कार्यालयाचं, त्याचा माझा संबंध नाही. हा फरक मी गल्लीत इतक्या वेळा समजावून सांगितलाय की झोपेतही सांगू शकेन. लोक मान डोलावत, "बराबर आहे साहेब" म्हणत आणि शेवटी विचारत, "मंग नळ कधी येणार?"

तर टाइल्स. माझी बायको शरयू मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलींचे जांभळे डोंगर आणि हिरवे सूर्य तपासून ती घरी येई आणि आमच्या स्वयंपाकघराच्या काळ्या भिंतीकडं तोंड करून उभी राही. स्टोव्ह होता तेव्हा ती भिंत काळी झाली. मग गॅस आला, पण भिंतीनं रंग सोडला नाही.

"आयुष्यातला अर्धा वेळ ज्या भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, ती काळी कशाला?" ती एका रविवारी म्हणाली.

मी म्हणालो, "पांढऱ्या टाइल्स लावू."

"पांढरी भिंत दवाखान्यात असते."

"मग पिवळट?"

"सगळ्या वेगवेगळ्या," शरयू म्हणाली. "एकीसारखी दुसरी नको."

एवढ्यावर मी विषय सोडायला हवा होता. पण बायकोनं आजवर माझ्याकडं काही मागितलं नाही, असा एक समज मी मनाशी बाळगून होतो, आणि त्या समजाला धक्का लागू नये म्हणून मी होकार दिला.

सिंधी बाजाराच्या मागं बद्रीनाथशेठचं टाइल्सचं दुकान होतं. त्यांनी आमच्यापुढं खोक्यामागून खोकं उघडलं. सगळीकडं एकसारखे गुलाब. शरयूनं विचारलं, "सुट्या नाहीत का? उरलेल्या, एकेक, दोनदोन?"

शेठचा चेहरा असा झाला, की जणू कुणी त्यांच्या मुलीचं लग्न पंगतीशिवाय करा म्हणालं. "हायेत की. गोदामात पडेल हायेत. पण बाई, सुटे पीस लोक संडासात लावतेत."

"आम्ही स्वयंपाकघरात लावू."

शेठ माझ्याकडं वळले. "साहेब, तुमचं काय म्हणणं?"

माझं म्हणणं विचारणारा त्या महिन्यातला तो पहिला माणूस. पण मी तोंड उघडेपर्यंत शरयू गोदामात शिरली होती. धुळीत बसून तिनं अख्खी दुपार टाइल्स निवडल्या. मी दारात उभा राहून रिक्षावाल्याला 'आता निघतोच' असं सांगत राहिलो, शेवटी तो निघून गेला. आम्ही घरी आणलेल्या टाइल्समध्ये एक मोर होता, एक निळा मासा होता, द्राक्षांच्या घोसाशेजारी एक बाटली आणि पेला होता, एक नुसतीच लाल होती, एका टाइलवर कुठल्या तरी परदेशातली पवनचक्की होती, आणि गुलाबही होता, पण एकटा.

या टाइल्स आमच्या बाहेरच्या खोलीत पलंगावर मांडल्या, आणि गल्ली बघायला आली.

सगळ्यात आधी आले रामराव. त्यांची आमची भिंत एकच. त्यांच्या स्वयंपाकघराची पाठ आमच्या स्वयंपाकघराला लागलेली. रामराव एस.टी.त कंट्रोलर होते. नोकरी संपली तरी आवाज ड्युटीवरच होता. ते बोलले की गाडी सुटल्यासारखं वाटे आणि आपण उगीच पिशवी उचलायला बघत असू.

"हे काय करून राह्यले साहेब?" त्यांनी पलंगाला एक चक्कर मारली. "पांढऱ्या घ्याच्या ना! पांढरीवर घाण दिसती."

"म्हणूनच नको," शरयू म्हणाली.

"म्हणूनच पाह्यजे! अन् ही बाटली कशाची?"

"सरबताची."

"सरबताच्या बाटलीला असं बूच नसतं बाई. मी लय पाह्यल्यात बाटल्या. प्याल्यालं गिऱ्हाईक गाडीतून उतरवून देणं हेच माझं काम होतं."

गल्लीत सगळ्यात वडील चतुराबाई. त्यांनी बाटली सोडून मासा धरला. "मासा? आन् चतुर्मासात काय करणार? फडकं टाकणार का त्याच्यावर?" कुणी म्हणालं, एखादी लक्ष्मीची टाइल घ्या. लगेच दुसरं म्हणालं, लक्ष्मी गॅसमागं नको, तोंडावर तेल उडतं. तिसरं म्हणालं, नळामागं तर मुळीच नको, आपल्याकडं नळ म्हणजे लक्ष्मी बसूनच राहील वाट बघत. मी चहा देत होतो. स्वतःच्या घरात स्वतःच्या खर्चानं लोकांना आपली खिल्ली उडवायला बोलवायचं आणि वर साखर बरोबर आहे का विचारायचं, यालाच मध्यमवर्ग म्हणत असावेत.

फक्त एक बाई काही बोलल्या नाहीत. रामरावांच्या बायको, झुंबरबाई. तीर्थपुरीकडच्या. अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. रामरावांच्या आवाजाखाली तीसेक वर्षं राहून माणसाचा स्वतःचा आवाज बहुधा असाच होत असेल. दुपारी रामराव झोपले की त्या आमच्याकडं येत. आल्या की आधी हात धुतल्यासारखे पदराला पुसत, मग एकेक टाइल उचलून गालाला लावून बघत.

"थंड आहे बाई," त्या शरयूला म्हणत.

"तुम्हाला कुठली आवडली मावशी?"

त्यांनी बराच वेळ घेतला. मग मासा उचलला. "ही. मासा असला म्हंजी पाणी असंल की आसपास."

शरयू हसली. त्याही हसल्या. मी पलीकडं पेपर वाचत होतो, मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

पुंजाराम मिस्तरी बदनापूरहून रेल्वेनं येई. रेल्वे उशिरा आली की तो उशिरा येई, आणि रेल्वे वेळेवर आली तरी तो उशिरा येई, तेव्हा त्याचा आणि रेल्वेचा संबंध मला नीट लावता आला नाही. पहिल्या दिवशी त्यानं छिन्नीनं भिंतीला टाचे मारले, ओटा उखडून ठेवला, गॅस व्हरांड्यात नेऊन ठेवला आणि जाता जाता विचारलं, "टाइली कव्हा भिजू घातल्या?"

"भिजू?"

"मंग! रात्रभर पाण्यात ठेवा लागत्यात. न्हाई तर सिमेटाचं पाणी पिऊन घेतेत अन् गळून पडतेत. बिलकुल टिकत न्हाईत. अन् भिंतीला बी पाणी मारा लागतं, आधी अन् मंग."

त्या आठवड्यात आमच्या घरी एक हंडा पिण्याचं आणि दोन बादल्या सांडपाणी होतं. त्या सांडपाण्यानं आधी भांडी, मग फरशी आणि मग तुळस अशी तीन कामं होत. टाइल्स भिजवायला पाणी म्हणजे माझ्या सगळ्या नोकरीची चेष्टा होती. तरीही मी कार्यालयात चौकशी केली. साहेबांनी फार गंभीरपणे ऐकून घेतलं. "परतूरकर, टंचाईच्या आराखड्यात माणसं आहेत, गुरं आहेत. टाइल्सचा रकाना नाही."

तेव्हा मी खाजगी टँकर सांगितला.

खाजगी असला तरी टँकर टँकरसारखाच दिसतो. तो दुपारी आमच्या गल्लीत वळला आणि गल्लीला वाटलं, साहेबांनी शेवटी शब्द पाळला. कुठला शब्द, तो मी कधी दिला, हे विचारायला कुणाला वेळ होता! हंडे, घागरी, डबे, एकीनं तर पाळण्यातलं पोर शेजारणीकडं देऊन बाळाच्या आंघोळीचं घंगाळं आणलं. रांग लागली. सगळे माझ्याकडं कधी नव्हे ते प्रेमानं बघत होते. आणि टँकरवाल्यानं नळी हातात घेऊन भर रांगेपुढं विचारलं, "साहेब, बांधकामाचं पाणी कुठं टाकायचं?"

मी खालच्या आवाजात म्हणालो, "आत. ड्रममध्ये. टाइल्ससाठी आहे."

खालचा आवाज आमच्या गल्लीत चालत नाही. सगळ्यांनी ऐकलं. कुणी भांडलं नाही. लोक हंडे धरून उभे राहिले, आणि ते फार वाईट होतं.

"विहिरीचं आहे," मी म्हणालो, "प्यायला चालणार नाही. पण घ्या, सगळे घ्या, आधी तुम्ही घ्या."

सगळ्यांनी घेतलं. झुंबरबाईंनीही हंडा नळीखाली धरला. तेवढ्यात रामराव बाहेर आले.

"ठेव तो हंडा," ते बायकोला म्हणाले. मग माझ्याकडं वळून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं, "माणसाला न्हाई अन् फरशीला पाणी! असलं पाणी आमच्या घरात येणार न्हाई."

झुंबरबाईंनी अर्धा भरलेला हंडा शेजारणीच्या घागरीत ओतला आणि रिकामा घेऊन आत गेल्या. त्यांनी ओतला तो इतक्या सावकाश, की एक थेंब खाली सांडला नाही.

उरलेल्या पाण्यानं आमचा मोठा ड्रम गळ्यापर्यंत भरला. शरयूनं त्यात टाइल्स एकेक करून सोडल्या. दुसऱ्या दिवशी पुंजाराम आला नाही. त्याच्या चुलत मेव्हण्याचं लग्न होतं. तिसऱ्या दिवशी त्याच मेव्हण्याच्या भावाचं. टाइल्स भिजत पडल्या. आणि मला नोटीस आली.

रामरावांनी आमच्याच कार्यालयात तक्रार केली होती. 'टंचाईकाळात शोभेच्या बांधकामासाठी पाण्याचा अपव्यय.' खुलासा करा. मी आयुष्यभर दुसऱ्यांना खुलासे मागण्याचे मसुदे केले होते, त्यामुळं खुलासा कसा द्यायचा नसतो हे मला चांगलं माहीत होतं. मी लिहिलं की सदर टाइल्स भिजवणे हे बांधकाम नसून बांधकामपूर्व कृती आहे, सदर पाणी खाजगी असून पिण्यास अयोग्य आहे, आणि सदर ड्रम शोभेचा नाही. याला उत्तर आलं की बांधकामपूर्व कृती कोणत्या नियमात बसते ते कळवावे. कार्यालयात हे पसरलं. शिपाई मला पाणी देताना "साहेब, प्यायला का भिजवायला?" विचारू लागला. माझं आणि रामरावांचं बोलणं बंद झालं. समोरासमोर आलो तर ते आभाळाकडं बघत आणि मी चपलेकडं.

झुंबरबाईंचं दुपारचं येणंही बंद झालं. शरयूनं एकदा भिंतीवर टकटक करून मागच्या दारानं त्यांना कळशी देऊ केली. त्या म्हणाल्या, "नको बाई. त्यांना कळलं तर जेवणार न्हाईत." आणि भिंतीला हात लावून विचारलं, "बसवल्या का टाइली?"

"मिस्तरीच येत नाही मावशी."

"येईल. लगीनसराई आहे."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी मी दाढी करत होतो. पलीकडून भिंतीवर कुणीतरी मारायला लागलं. टकटक नव्हती ती, तळहातानं मारत होतं कुणी. मग रामरावांचा आवाज आला. तो आवाज मी बस स्टँडवर ऐकला होता, भांडणात ऐकला होता, पण असा ऐकला नव्हता. "बाई! ओ बाई!"

झुंबरबाई ओट्याजवळ पडल्या होत्या. चहाचं आधण उकळून भांडं कोरडं पडलं होतं. मी सायकलवर जाऊन डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. रामरावांच्या खांद्यावर ठेवायचं त्यांचं धाडस झालं नसावं.

मी कोपऱ्यावरच्या बूथवरून त्यांच्या मुलाला, धर्मराजला, फोन लावला. तो औरंगाबादला होता. गल्ली जमली. बायका आत बसल्या, पुरुष बाहेर. बांबू आले, गोवऱ्या आल्या, गाडगं आलं. आणि मग चतुराबाई बाहेर येऊन दारात उभ्या राहिल्या.

"आंघोळीला पाणी पाह्यजे."

नळ येऊन बरेच दिवस झाले होते. टँकरचं नेलेलं लोकांनी केव्हाच संपवलं होतं. रामरावांच्या घरात तर तेही गेलं नव्हतं. त्यांच्या ड्रमचं झाकण कुणीतरी उघडलं आणि हळूच परत ठेवलं. कुणी म्हणालं, माझ्याकडं कळशीभर पिण्याचं आहे. कुणी म्हणालं, स्टेशनवर बघू. माझ्याकडं कुणी बघितलं नाही. ती गल्लीची सभ्यता मला त्या दिवशी फार जड गेली. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी मागं वळून पाहिलं तर शरयू तिथं नव्हती. घरात गेलो. तिनं पदर खोचला होता, कोपरापर्यंत हात ड्रममध्ये घातला होता आणि टाइल्स बाहेर काढत होती. मोर, पवनचक्की, एकटा गुलाब. मीही हात घातला. पाणी गार होतं. मासा तळाशी गेला होता. तो काढायला शरयूला खांद्यापर्यंत वाकावं लागलं. बाहेर आल्यावर तिनं तो पदरानं पुसला आणि बाकीच्यांत न ठेवता खिडकीत ठेवला.

दारात रामराव उभे होते. ते कधी आले मला कळलं नाही.

"त्यात टाइली हायेत ना तुमच्या," ते म्हणाले.

"असू द्या," मी म्हणालो.

"मिस्तरी येणार असंल."

"येऊ द्या."

त्यांनी व्हरांड्यात भिंतीशी उभ्या केलेल्या टाइल्सकडं पाहिलं. "उन्हात नका ठेवू," ते म्हणाले. "तडकतील."

आणि ते पाठ करून निघून गेले. गल्लीतल्या पोरांनी ड्रम उचलून नेला. आतून चतुराबाईंचा आवाज आला, "पाणी लाल दिसून राह्यलं."

"टाइलच्या मागच्या मातीचं आहे," शरयू म्हणाली.

"मातीचंच ना? मंग चालतं."

धर्मराज येईपर्यंत थांबायचं होतं. उन्हामुळं लोक आमच्या व्हरांड्यात येऊन बसले, आणि तिथं टाइल्स होत्या. मयताला आलेल्या माणसाला बोलायचं तर असतं, पण काय बोलावं ते सुचत नाही. मग तीर्थपुरीहून आलेल्या एका पाहुण्यानं एक टाइल उचलून उलटी करून बघितली. "मजबूत आहे." दुसरा म्हणाला, "आमच्या मेव्हण्यानं लावल्या. सगळ्या एकसारख्या." तिसरा म्हणाला, सांध्यात पांढरं सिमेंट भरा, साधं भरलं की काळं पडतं. आत बायकांचं रडणं चाललं होतं आणि बाहेर पांढऱ्या सिमेंटवर दोन तट पडले. एक म्हातारे गृहस्थ बाटलीची टाइल माझ्यापुढं धरून, डोळे पुसत, फार हळू आवाजात म्हणाले, "ही कशाची?"

"सरबताची," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "चांगल्या होत्या हो झुंबरबाई."

तिसऱ्या दिवशी पुंजाराम उगवला. मी म्हणालो, शेजारी सुतक आहे, नंतर बघू. तो म्हणाला, नंतर म्हंजे दिवाळीनंतर, मी उद्यापासून औरंगाबादला मोठ्या बिल्डिंगीवर चाललो. गॅस व्हरांड्यात, ओटा उखडलेला, शरयू उकिडवी बसून पोळ्या करत होती. धर्मराजला विचारलं. तो म्हणाला, "काका, ठोकाठोकी नसली तर करून घ्या." टाइल्स भिजून वाळल्या होत्या. सिमेंट कालवण्यापुरत्या सांडपाण्याशिवाय पाणी नव्हतं. पुंजारामनं कोरड्या भिंतीकडं बघितलं, टाइल्सकडं बघितलं, देवाचं नाव घेतलं आणि एका दिवसात ओटा आणि सगळ्या टाइल्स बसवून रेल्वे गाठली. जाताना म्हणाला, "भिंतीला सात दिवस पाणी मारा." मी हसलो. तोही हसला.

भिंत फार सुंदर दिसत होती. हे मला सांगितलं पाहिजे. संध्याकाळी दिवा लावल्यावर मी आणि शरयू तिच्यापुढं उभे राहिलो आणि आम्हाला एकमेकांकडं बघायची लाज वाटली.

रामरावांच्या घरी संध्याकाळी गरुडपुराण लागलं होतं. गुरुजी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशीच बसत, त्यामुळं आमच्या ओट्यावर अक्षर न् अक्षर ऐकू येई. पाप्यांना तापल्या वाळूतून कसं चालवतात, पाणी मागितलं तर काय पाजतात, हे सगळं ऐकत शरयू फोडणी देत असे. अशाच एका संध्याकाळी गुरुजी वैतरणी नदीपर्यंत आले आणि आमच्या भिंतीवरून पवनचक्की निसटली. ओट्यावर पडून तिचे तुकडे झाले. धाडकन आवाज झाला.

पलीकडं पुराण थांबलं. पुरी गल्ली तिथं बसली होती. थोड्या वेळानं चतुराबाई म्हणाल्या, "झुंबर आहे."

"कुठं?" कुणीतरी विचारलं.

"त्या भिंतीत. ओट्यापाशीच गेली ना ती. घुटमळून राह्यली बिचारी."

तेवढ्यात मोर पडला. पलीकडं एक बाई ओरडली.

मी शरयूला म्हणालो, "मी जाऊन सांगतो. टाइल्स आहेत म्हणून."

"थांबा," शरयू म्हणाली. ती भिंतीला कान लावून उभी होती.

पलीकडं पाऊल वाजलं. कुणीतरी भिंतीजवळ येत होतं. भिंत पातळ आहे. हात टेकवल्याचासुद्धा आवाज येतो. मग रामराव बोलले. लोकांसमोर त्यांनी बायकोचं नाव कधी घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. "इकडं ये", "अगं, ऐकलं का" नाही तर नुसतं खाकरणं. ते म्हणाले, "झुंबर, जाय आता. माझं मी बघतो."

आमच्या बाजूला लाल टाइल सुटत आली होती. तिची वरची कड भिंतीपासून अलग झालेली मला दिसत होती. तिच्या शेजारी मासा. मी पुढं झालो, एक तळहात लालवर आणि दुसरा माशावर ठेवला आणि अंग टाकून दाबून धरलं. शरयूनं दोन्ही हातांनी गुलाब धरला. पलीकडं रामराव भिंतीला हात लावून उभे होते आणि अलीकडं आम्ही दोघं, तोंडातून आवाज न काढता. माझी पँट फोडणीनं माखली. गॅसवर वरण करपत होतं आणि ते बंद करायला कुणाकडंच हात नव्हता.

आवाज झाला नाही. पलीकडं चतुराबाई म्हणाल्या, "गेली." गुरुजींनी वैतरणी पार केली. आम्ही बराच वेळ तसेच उभे होतो.

पुढच्या दिवसांत आम्ही आमच्या भिंतीला लाकडी फळ्या टेकवून ठेवल्या. पडायच्या त्या पडल्याच, पण हातात पडल्या. जिथल्या गेल्या तिथं साधं सिमेंट थापलं. बाटली मात्र हलली नाही. ती इतकी पक्की बसली आहे की भिंत पडली तरी ती तशीच अधांतरी राहील असं मला वाटतं.

तेरावा झाला. पाहुणे गेले. धर्मराजची रजा संपली. वडिलांना घेऊन जातो म्हणत होता, पण रामराव म्हणाले, उन्हाळा झाला की बघू. ते घरात एकटे राहू लागले. दुपारी झोपायचे ते झोपत नव्हते. दार उघडं टाकून बसून राहत. खांद्यावर एक पांढरं फडकं असे, त्यानं घाम पुसत. मी जाता-येता थांबे. बोलणं होत नसे, पण आता ते आभाळाकडं बघत नव्हते.

आणि एका दुपारी नळ आला.

आधी नळ फुत्कारतो. तो आवाज आला की गल्ली जागची उठते. बायका धावल्या, बादल्या आपटल्या, नळ्या जोडल्या. मी आमचा ड्रम भरायला लावला. पुन्हा बाहेर आलो तर रामरावांच्या उंबऱ्यावरून पाणी येत होतं. पाण्याची धार गल्लीत उतरली आणि उतारानं वाहायला लागली. आमच्या गल्लीत कुणाचं पाणी रस्त्यावर आलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. त्या दिवशी सगळ्यांनी बघितलं आणि कुणी काही म्हटलं नाही. बायका ते पाणी ओलांडून आपापले हंडे नेत राहिल्या.

मी आत गेलो.

रामराव स्वयंपाकघरात उभे होते. घरातली असतील नसतील ती सगळी भांडी त्यांनी फळीवरून खाली काढली होती. पातेली, घागरी, डबे, हंडे, पुरण वाटायचं यंत्रसुद्धा. नळ सोडलेला होता, त्याखाली बादली भरून वाहत होती आणि ते मधोमध, गुडघ्यापर्यंत धोतर भिजवून, दोन हातांत दोन भांडी घेऊन उभे.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आवाज अगदी साधा होता.

"साहेब, आमच्या घरी पिण्याचं कशात भरतेत?"

मला कुठून माहीत असणार! मला आमच्या घरचंही ठामपणे सांगता आलं नसतं. मी शरयूला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली, भांड्यांवरून एकदा नजर फिरवली आणि मागं पडलेला तांब्याचा हंडा उचलला. आतून हात फिरवून पाहिला.

"ह्यात," ती म्हणाली.

रामरावांनी मान हलवली. "अन् गाळतेत कशानं? फडकं बांधत होती ती वर. ते सापडून न्हाई राह्यलं. सगळं घर हुडकलं."

शरयूनं हंडा खाली ठेवला. मग म्हणाली, "ते तुमच्या खांद्यावर आहे."

रामरावांनी खांद्यावरचं फडकं काढलं. उलगडलं. मधे तांब्याच्या काठाचा गोल, फिकट हिरवट डाग होता. ते त्याच्याकडं बघत राहिले, मग नळाखाली धरून त्यांनी ते घुसळून धुतलं. पिळलं. पुन्हा धुतलं. पाणी वाहून चाललं होतं, पण आम्ही दोघांनीही घाई केली नाही.

हंड्याच्या तोंडावर ते त्यांना बांधता येईना. एक कड आवळली की दुसरी सुटे. मी खाली बसलो आणि पलीकडची दोन टोकं धरली. त्यांनी अलीकडची धरली. शरयूनं हंडा नळाखाली सरकवला.